सर ओसरल्यावरचा वेळ आणि घरट्यांचा मुद्दा
हवामानाच्या अंदाजात पाऊस दिसला की गटाची पक्षी बघायची सहल सरळ रद्द करावी, असं काहीजण म्हणतात. विजांचा इशारा असेल तर एकदम मान्य, तिथे घासाघीस नको. शेवटचा गडगडाट ऐकून 30 मिनिटं होईपर्यंत उघड्यावर यायचं नाही आणि एकट्या उंच झाडाखाली तर मुळीच थांबायचं नाही. पण नुसत्या सरींसाठी रद्द करू नका. सर ओसरल्यावरचा वेळ फार मोलाचा असतो. पावसात आडोशाला बसलेले पक्षी खायला बाहेर पडतात, भिजलेले उघड्या फांदीवर येऊन पंख सुकवतात. एकदा आमच्या गटाला एक बुलबुल अगदी दहा पावलांवर दिसला. शेपटीच्या बुडाशी असलेल्या तेलग्रंथीला चोच घासायची, मग एकेक पीस चोचीतून ओढून नीट करायचं, असं बराच वेळ चाललं होतं. आम्ही पंधरा जण, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

दुसरा मुद्दा घरट्यांचा. ओल्या, गार हवेत उबवणारा पक्षी उठला की अंडी आणि पिसं न फुटलेली पिल्लं झपाट्याने गारठतात. एकटा माणूस घरटं बघून पटकन पुढे सरकतो. गटात मात्र प्रत्येकजण फोटोसाठी दोन-दोन मिनिटं थांबला तरी पंधरा जणांचा अर्धा तास होतो, आणि माणसं जवळ असेपर्यंत तो पक्षी परत बसायला धजत नाही. म्हणून पावसाळी हवेत घरटं दिसलं तर मी ते कुणाला दाखवतही नाही, गट घेऊन तसाच पुढे निघतो.