मदत हवी आहे: डिस्नेच्या गर्दीत साबांची स्कूटर

घाईत_गडबड

नमस्कार मंडळी,

ख्रिसमसच्या सुट्टीत ऑरलँडोला जायचं ठरलंय. तिकिटं काढून झालीत, त्यामुळे "त्या गर्दीत जाऊ नका" हा सल्ला कृपया देऊ नका, तो सगळ्यांनी देऊन झालाय. आम्ही दोघं, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची आणि सांगलीहून आलेले साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा). चार दिवस, चार पार्क.

साबांचे दोन्ही गुडघे गेलेत. घरात व्यवस्थित वावरतात, स्वयंपाक करतात, पण पंधरा-वीस मिनिटांच्या वर चालणं किंवा नुसतं उभं राहणंही जमत नाही. तिथे तर दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात. हाताने ढकलायची खुर्ची घ्यावी तर ढकलणार कोण? साबु ७४ चे, माझ्या हातात मुलीची बाबागाडी, नवऱ्याची पाठ धरलेली. म्हणजे फार चालता न येणाऱ्यांसाठीची, खुर्चीसारखं बसून चालवायची बॅटरीची स्कूटर घ्यायची, इथवर आलोय.

आता खरी गोष्ट सांगते, हसू नका. दोन वर्षांपूर्वी डिस्नेच्याच मॅजिक किंगडम पार्कमध्ये आतषबाजी संपल्यावर बाहेर पडताना एका आजींची स्कूटर लेकाच्या टाचेला लागली. खरचटलं थोडं. नवरा भडकला आणि चारचौघांत म्हणाला, "चालवता येत नसेल तर यायचं कशाला इथे?" आजी बिचाऱ्या सॉरी सॉरी म्हणत होत्या. मीही गप्प राहिले, म्हणजे मनातून त्याच्याच बाजूने होते. आता त्याच्याच आईला तीच गाडी लागणार आहे आणि तो गेले आठ दिवस या विषयावर अवाक्षर काढत नाहीये.

साबांचं वेगळंच. एक तर "मी काय पांगळी आहे का? उठून चालताना बघितलं तर लोक म्हणतील, बाई धडधाकट आहे नि फुकट गाडी मिरवतेय." दुसरं, त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. इतक्या गर्दीत ती गाडी कोणाच्या पायावर न घालता चालवायची कशी? बाकीच्या घरच्यांनी तिच्याबरोबर चालायचं कसं? पुढे की मागे? आणि साबांना तयार कसं करू?

---

एडिसनची_ठमी

गाडी दोन प्रकारे मिळते. पार्कच्या दारात दिवसाच्या भाड्याने मिळते, पण आगाऊ राखून ठेवता येत नाही, जो आधी येईल त्याला. गर्दीच्या दिवसांत सकाळीच संपतात. शिवाय ती पार्कच्या बाहेर नेता येत नाही, म्हणजे गाडीतळापासून किंवा बसपासून दारापर्यंत साबांना चालावंच लागणार. दुसरा मार्ग बाहेरच्या कंपनीकडून हॉटेलवर मागवायचा. ती चारही दिवस तुमच्याकडेच राहते, रात्री खोलीत चार्जिंगला लावायची. तुमच्या बाबतीत दुसराच मार्ग घ्या. चालवणाऱ्याचं वय १८ पूर्ण पाहिजे, तेव्हा लेक कितीही मागे लागला तरी त्याच्या हातात देऊ नका. आणि मांडीवर नातीला बसवून फिरवणं हेही नाही. गाडी एकाच माणसासाठी असते.

---

कडू_कारलं

मी उलट बाजूने बोलतो, राग मानू नये. माझ्या पोटरीला दोनदा लागलंय. वीस-बावीस वर्षांची पोरं भाड्याने घेऊन शर्यती लावताना पाहिलीत. स्कूटर घेतली की रांगेत पुढे घुसता येतं म्हणून घेणारे आहेत. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही, पण काहीतरी परवाना नको का?

---

एडिसनची_ठमी

कारलेबुवा, रांगेत पुढे घुसता येत नाही. बहुतेक राइड्सच्या रांगा रुंद आहेत, स्कूटरवाले त्याच रांगेत तेवढाच वेळ थांबतात. काही ठिकाणी स्कूटर बाहेर ठेवून तिथल्या हातखुर्चीत बसावं लागतं, काही ठिकाणी उठून पाळण्यात बसता आलं पाहिजे. रांगेबाहेर थांबण्याची जी डास (DAS) नावाची डिस्नेची सोय आहे ती मे २०२४ पासून मुख्यतः ऑटिझम आणि तशा वाढीच्या विकारांसाठी आहे. गुडघेदुखीला ती मिळत नाही. आणि परवान्याचं म्हणाल तर अमेरिकेत १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे. अशा गाडीवर बसलेल्याला "तुम्हाला काय आजार आहे?" असं कर्मचारी विचारू शकत नाहीत.

---

टँपाची_मावशी

मी अकरा वर्षं संधिवाताची पेशंट आहे, गेली सहा वर्षं अशीच गाडी चालवतेय. टँपाहून डिस्ने दीड तासावर, वर्षातून चार-पाचदा जाणं होतं. जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे त्या खुर्चीतून जग कसं दिसतं ते सांगते. तुमचे डोळे उभ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर येतात. समोर दिसतात फक्त पट्टे, पाठपिशव्या आणि पार्श्वभाग. चार माणसांपलीकडे काय चाललंय ते कळत नाही. पुढे कोणी थांबलं हे उभ्या माणसाला लांबून दिसतं, मला ते माझ्या समोरची पिशवी थांबल्यावर कळतं. मी पुढच्या माणसात आणि माझ्यात मुद्दाम दोन-तीन पावलांची मोकळी जागा ठेवते. उभ्या माणसांना ती जागा म्हणजे रिकामी वाट वाटते. सुळकन एखादा त्यात शिरतो आणि फोन बघायला थांबतो. बहुतेक टाचा अशाच सुजतात. तुमच्या लेकाच्या वेळी काय झालं मला माहीत नाही, त्या आजींची चूक असेलही, पण आतषबाजीनंतरच्या मेन स्ट्रीटवर, म्हणजे दाराकडच्या मुख्य रस्त्यावर, ती जागा ठेवणंच अशक्य असतं.

दुसरं, गाडीला वेगळा ब्रेक नसतो. हँडलला अंगठ्याने किंवा बोटांनी ओढायची कळ असते. ओढली की चालते, सोडली की थांबते. नवीन माणूस घाबरला की काय करतो? मूठ घट्ट आवळतो. म्हणजे कळ अजून दाबली जाते! साबांना शंभर वेळा सांगा: भीती वाटली की हात सोडायचा. थांबायलाही थोडं अंतर लागतं, जागच्या जागी थांबत नाही.

तिसरं, वेगाची चकती. तिच्या एका टोकाला कासवाचं चित्र असतं, दुसऱ्या टोकाला सशाचं. खरंच. पार्कच्या आत कासवाच्या जवळच ठेवायची. नियमही चालण्याच्या गतीनेच जाण्याचा आहे. दुकानात, उपाहारगृहात, बसमध्ये चढताना तर पूर्ण कासव. मागे घेताना बहुतेक गाड्या टीं टीं वाजतात, पण त्या गोंगाटात कोणाला ऐकू जात नाही. म्हणून मागे कोणीतरी उभं असल्याशिवाय मागे घ्यायचीच नाही.

मेन स्ट्रीटवर घोडागाडीचे रूळ आहेत. चाक रुळाला समांतर नेलं की त्या खोबणीत जातं आणि हँडल वळत नाही. रूळ आडवे ओलांडायचे. ॲनिमल किंगडममधले रस्ते काही भागात मुद्दाम खडबडीत केलेत, जुनी वाट वाटावी म्हणून. दिसायला छान, मणक्याला नाही. एपकॉटमधला तळ्याभोवतीचा फेरा जवळजवळ १.२ मैलांचा आहे, तिथे रस्ता रुंद असल्यामुळे नवशिक्यांसाठी उत्तम. फक्त इंग्लंड आणि फ्रान्सच्या दालनांमधल्या पुलावर चढ-उतार आहे. पहिला दिवस एपकॉटला ठेवा, मॅजिक किंगडम शेवटी.

"धडधाकट बाई उठून चालली" हे बघणारे भेटतील. मला एकदा मागून कोणीतरी म्हणालं, "देवाचा चमत्कार!" मी पाच मिनिटं उभी राहू शकते, पन्नास नाही. एवढंच गणित आहे. अशी गाडी वापरणारे बरेच जण थोडंफार चालू शकतात. मुळात पहिली अशी स्कूटर १९६८ मध्ये मिशिगनमधल्या ॲलन थीम यांनी घरातल्याच एका माणसासाठी बनवली होती. त्या माणसाला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता. साबांना हे सांगा, की घरातल्या माणसाला घराबाहेर काढायलाच ती जन्माला आली.

---

वारीचा_चोपदार

मावशींच्या पोस्टला दंडवत. घरच्यांनी कसं चालायचं ते मी सांगतो, कारण आमच्या आईबरोबर दोनदा केलंय.

आम्ही पहिल्या दिवशी सगळे आईच्या मागे चाललो. चूक. पुढची मोकळी जागा कोणीही खातं. दुसऱ्या दिवसापासून मी पुढे, चोपदारासारखा. तिच्या चाकापुढे दोन पावलं, मधोमध. मी उभा दिसतो, त्यामुळे लोक मला वळसा घालून जातात आणि माझ्यामागे तिला आपोआप वाट मिळते. बायको मागे, बाबा बाजूला. थांबायचं असेल तर मी हात वर करतो, मग थांबतो. अचानक थांबलो तर आईची पहिली धडक मलाच, आणि बसली आहे तशी. डाव्या पायावर अजून खूण आहे.

मुलं गाडीच्या बाजूने धावत पुढे येऊ देऊ नका. ५ वर्षांची मुलगी हँडल आणि टोपलीच्या आड पूर्ण लपते. तिला एकतर बाबागाडीत किंवा चोपदाराच्या हाताला धरून.

आतषबाजी संपली की निघायचंच नाही. अर्धा-पाऊण तास बसून राहा, आइस्क्रीम खा. फारच घाई असेल तर मेन स्ट्रीटवरची एम्पोरियमची दुकानं आतून एकमेकांना जोडलेली आहेत, त्यातून दाराकडे सरकता येतं, पण तिथेही गर्दी होते. परतताना गाडीतळाकडे मोनोरेलपेक्षा फेरीबोट बरी, चढण सोपी जाते.

हॉटेलच्या बसमध्ये स्कूटरवाल्यांना आधी चढवतात. चालक उतार लावतो, गाडी पट्ट्यांनी बांधतो, पाच मिनिटं जातात. रांगेतले लोक तोंडं करतात. आई तेव्हा डोळे मिटून रामरक्षा म्हणायची. बसमध्ये गाडी नीट लावणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. तिथे आईला काठी घेऊन चालत चढवायचं आणि गाडी तुम्ही लावायची.

---

चिंचगुळ

कोणी लिहिलं नाही म्हणून: साडीचा पदर आणि ओढणी! माझ्या आत्याची ओढणी मागच्या चाकात गेली होती. गाडी जागेवर थांबली म्हणून निभावलं. पदर खोचायचा किंवा सरळ पँट-कुर्ता. आणि गाडी ठेवायच्या जागी एकासारख्या एक पन्नास असतात, हँडलला लाल फडकं बांधा. किल्ली काढून पर्समध्ये.

---

कडू_कारलं

रिकाम्या वाटेबद्दल मावशी म्हणाल्या ते कधी डोक्यात आलं नव्हतं. मी त्या जागेत शिरणाऱ्यांपैकीच आहे बहुधा. शर्यती लावणाऱ्या पोरांबद्दलचं मत मात्र कायम आहे.

---

टँपाची_मावशी

त्यांच्याबद्दल माझंही तेच मत आहे हो. आम्हाला त्यांच्यामुळेच बोलणी बसतात.

@घाईत_गडबड, सरावाचं राहिलं. मोठ्या सुपरमार्केटच्या दारात बॅटरीच्या टोपलीगाड्या फुकट असतात. सकाळी लवकर, गर्दी नसताना साबांना घेऊन जा. सरळ जाणं कोणालाही येतं. वळणं आणि थांबणं शिकवा. गाडीची मागची बाजू आत कापून वळते, त्यामुळे कोपऱ्यावरची माणसं आणि मांडण्या मागच्या चाकाखाली येतात.

---

घाईत_गडबड

सगळ्यांचे खूप आभार. उशीर झाला उत्तर द्यायला, कारण आम्ही सराव करत होतो.

आधी नवऱ्याला मावशींची पोस्ट वाचायला दिली. वाचून झाल्यावर म्हणाला, "त्या आजींच्या पुढे मीच घुसलो होतो, पोराला हाताला धरून." दोन वर्षांत हे पहिल्यांदा कळतंय मला! चोपदारकी त्याने स्वतःहून मागून घेतली आहे. पाठीला पट्टा बांधून का होईना, पुढे तोच.

साबा तयार होत नव्हत्या. मिशिगनची गोष्ट सांगितली तर "त्याचं बरोबर आहे, पण त्याच्या माणसाला आजार होता" एवढंच. शेवटी नात म्हणाली, "आजी, तू नाही आलीस तर मी पण बाकावर बसणार." मग शनिवारी सकाळी सात वाजता सुपरमार्केट.

पहिली दहा मिनिटं मूठ आवळणं चालू होतं, अगदी मावशी म्हणाल्या तसं. मागच्या चाकाने टिश्यूच्या गठ्ठ्यांचा एक मनोरा पाडला. साबु उचलून ठेवत होते आणि साबा "सॉरी, सॉरी" म्हणत होत्या, इंग्रजीत, दुकानातल्या प्रत्येकाला, ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनाही. तिसऱ्या फेरीला वळणं जमायला लागली. काल चौथ्यांदा गेलो. डाळीच्या गल्लीत एक गृहस्थ फोन बघत आडवे उभे होते. साबा दोन पावलांवर थांबल्या, हात सोडून, आणि वाट बघत राहिल्या. पूर्ण कासव.

तो माणूस हलेना तेव्हा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "ह्याला सांग गं, इथे गाडी आहे म्हणून."

एकच शंका उरली आहे. हॉटेलची खोली लहान आहे. गाडी रात्री आत मावते का, की बॅटरी काढून चार्ज करता येते?

---

टँपाची_मावशी

सुटी होणारी गाडी असेल तर बॅटरी निघते. मागवतानाच विचारून घ्या. माझी दाराच्या आत, पलंगाच्या पायथ्याशी मावते. रात्री बाथरूमला जाताना तुमच्याच पायाला लागेल, तेवढं सांभाळा.