मदत हवी आहे: मामाची शर्यतीतली आरएक्स १०० गरम झाली की सीझ होते

मातीखाऊ:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

गाडी यामाहा आरएक्स १००, १९८९ ची. मामा ही गाडी कोल्हापूर-सांगलीकडच्या मातीवरच्या शर्यतींत पळवायचा. पुढे लग्न, ऊस, म्हशी, आणि गाडी गोठ्याशेजारच्या खोलीत कडब्याखाली. गेल्या वर्षी त्यानं किल्ली माझ्या हातात दिली असं लिहिणार होतो, पण तिला किल्लीच नाही. लाइट, मीटर, इंडिकेटर सगळं त्यानं तेव्हाच काढून टाकलेलं. दिवाळीनंतर आमच्याकडे मातीच्या शर्यती होतात, यंदा त्यात जुन्या टू-स्ट्रोकना वेगळा गट आहे. मी काही जिंकणार नाही. मामा दोरीपाशी उभा असताना सहा फेऱ्या पुऱ्या झाल्या तरी पुष्कळ.

चेसी, कोनसेट, स्विंगआर्मचे बुश, ब्रेक शू, स्पोक, नॉबी टायर, सगळं झालंय. त्यात काही अडलं नाही. अडलंय ते इंजिनात.

दुसऱ्या किकला चालू होते. दहा मिनिटं मस्त पळते. मग थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली येत नाही, वरच रेंगाळतो आणि मनात आलं की उतरतो. प्लग काढला तर खडूसारखा पांढरा. पहिल्यांदा सीझ झाली, म्हणजे पिस्टन बॅरलमध्ये अडकून बसला, ती आमच्याच रानात, चौथ्या फेरीला. मागचं चाक जाम, मी बांधावर. बोअर वाढवून ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकला, तीन लिटर पेट्रोल हळू चालवून रनिंग केलं, पुन्हा तेच. आता ०.५० वर आहे आणि चालू करायची हिंमत होत नाही.

मूळ बोअर ५० मिमी. ०.७५ आणि १.०० एवढेच साइज उरलेत, त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे बॅरलला आतून नवी नळी. पण ह्या बॅरलचे पोर्ट, म्हणजे मिश्रण आणि धूर ये-जा करायची भोकं, मामानं स्वतः घासलेत. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला कानशीचे ओरखडे अजून दिसतात. स्लीव्ह घातली की ते गेलं.

करून पाहिलेलं: पेट्रोल जास्त यावं म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट दोन नंबर मोठा, नीडलची क्लिप एक खाच खाली. ऑइल पंप मामानं काढलेला, म्हणून पेट्रोलमध्ये मिसळूनच. ते लिटरला ४० मिलीवरून ५० मिली केलं. एक फिटर म्हणतो जेटिंग, दुसरा म्हणतो पिस्टन लोकल. कुणाचं ऐकू?

आणि एक. पुढे नव्या गाडीचा लांब फोर्क बसवावा का? उडी मारली की सध्याचा खाली आपटतो.

टूस्ट्रोक आजोबा:
पिस्टन कुठल्या बाजूला घासलाय ते आधी सांगा. चारी कोपऱ्यांवर उभे पट्टे असतील तर बोअर टाइट राहिलाय. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण लीन होतंय, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

ऑइल वाढवून तुम्ही उलटं काम केलंत. जेटमधून जाणारा माल तेवढाच, त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटलं, म्हणजे अजून लीन.

मातीखाऊ:
फक्त एक्झॉस्टच्या बाजूला. दोन्ही वेळा. ऑइलचं हे डोक्यातच आलं नव्हतं!

धुरळा:
मग जेट बाजूला ठेवा. गरम झाल्यावर आरपीएम लटकतोय म्हणजे कुठून तरी फुकटची हवा ओढतेय. टू-स्ट्रोकचं मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतून जातं, त्यामुळे क्रँकचं ऑइल सील (शाफ्टभोवतीची रबरी कडी) गेलं की कार्बोरेटर कितीही लावा, फरक पडत नाही. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढून पांढरा धूर काढते आणि ऑइल कमी होतं. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर नुसती हवा ओढते, दिसत काहीच नाही. वीस-तीस वर्षं कडब्याखाली पडलेल्या गाडीचं रबर दगड झालेलं असणार.

प्रेशर टेस्ट करा. त्यासाठी घरातलं डायलवालं बीपी मशीन पुरतं. जुना प्लग फोडून आतली चिनीमाती काढा, त्यात नळी ब्रेझ करून घ्या आणि बीपीचा फुगा व काटा त्याला जोडा. सायलेन्सर काढून एक्झॉस्टला जुन्या ट्यूबचा तुकडा आणि वर पत्रा आवळा. इनटेक कार्बोरेटरच्या जागी बंद करा, म्हणजे मॅनिफोल्डही तपासून होईल. ऑइल पंपाच्या नळीचं तोंड मामांनी कसं बंद केलंय तेही बघा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून क्रँककेसलाही दाब पोचेल. काटा ३०० पर्यंत न्या, ते सहा पीएसआयच्या जवळपास होतं. त्याहून जास्त नको, चांगली सीलं उपटाल. पाच-सहा मिनिटं काटा तिथंच टिकला पाहिजे. पडला तर साबणाचं पाणी लावत फिरा.

मॅग्नेट पुलरनंच काढा. हातोडा घेतलेला दिसला तर मी धाग्यावर परत येणार नाही.

सातासमुद्रापार:
फोर्कबद्दल. मी अमेरिकेत असतो, इथे एएचआरएमए ही जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती भरवणारी संस्था आहे, तिच्या जुन्या मोटोक्रॉस गटात ट्रॅव्हलला, म्हणजे सस्पेन्शन किती दबतं त्याला, मर्यादा आहे: पुढे ७ इंच, मागे ४ इंच. लांब फोर्क लावलात तर गाडी जुनी कसली राहिली? तुमच्या आयोजकांचा नियम विचारा, पण मी असतो तर आहे त्याच फोर्कमध्ये जाड ऑइल आणि स्प्रिंगवर छोटा स्पेसर घातला असता. आपटणं बरंच कमी होईल. शिवाय पुढून उंच झालेली गाडी वळणात पुढचं चाक धरत नाही.

मातीखाऊ:
तीन दिवसांनी लिहितोय. आईचं बीपी मशीन पळवलं, ती अजून बोलत नाही.

काटा ३०० वरून मिनिटभरात १२० वर. एक्झॉस्ट, हेड, मॅनिफोल्ड, सगळीकडे साबण लावला, काही नाही. मॅग्नेट काढलं (पुलरनं, धुरळासाहेब), स्टेटर प्लेट काढली, ब्रशनं फेस लावला आणि सीलच्या खालच्या अंगाला बुडबुडे. एकामागून एक, ज्वारीच्या दाण्याएवढे.

मामाला व्हिडिओ पाठवला. त्याचा उलट फोन आला, "तरीच शेवटच्या शर्यतीत धरली होती. मला वाटलं पेट्रोलात भेसळ."

सील काढलं तर नवाच घोटाळा. सील बसतं त्या केसच्या कडेला एक आडवा ओरखडा आहे, नख अडकतं इतका. पूर्वी कुणीतरी स्क्रूड्रायव्हरनं सील उपटलेलं दिसतंय. नवं सील नुसतं दाबून बसवलं तर तिथून पुन्हा हवा ओढेल का? बारीक पॉलिश पेपर मारून बाहेरच्या कडेला गॅसकेट शेलॅक लावू, की केस वेल्डिंग आणि लेथला द्यावी? वेल्डिंगला दिली तर सगळं इंजिन फोडावं लागेल, आणि शर्यतीला पाच आठवडे उरलेत. क्लचच्या बाजूचं सीलही आताच बदलतोय. फोटो उद्या टाकतो, इथे रेंज नाही.