मदत हवी आहे: १९८६ची पद्मिनी पनवेलहून मालवणला चालवत न्यायची आहे

रापण
नमस्कार मंडळी. १९८६ची प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. १०८९ सीसी पेट्रोल, हँडगिअर (गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी), डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र). पनवेलजवळच्या एका गाळ्यात तीन वर्षं उभी होती. नव्या बॅटरीवर पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू होते, निळा धूर नाही, आवाज स्वच्छ. इंजिन ऑइल २०डब्ल्यू-४०, प्लग आणि एअर फिल्टर बदलले आहेत. टायरची नक्षी पूर्ण आहे. ब्रेकचं पेडल दुसऱ्या पंपाला वर येतं.

मे अखेरीस, पावसाच्या आधी मालवणला न्यायची आहे. अंतर साडेचारशेच्या आसपास. निघण्याआधी काय उघडायलाच हवं आणि काय घरी पोचल्यावर केलं तरी चालेल? ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय करायचं? आणि महामार्गाने न्यावी की सागरी मार्गाने?

किंगपिन
दुसऱ्या पंपाला पेडल वर येतं, हे वाचल्यावर बाकीचे प्रश्न बाजूला ठेवा. गाडी घराक येवक व्हयी तर आधी ती थांबाक व्हयी.

पेडल तीन प्रकारे बोलतं. पंप केल्यावर वर येऊन दगडासारखं घट्ट राहिलं तर ब्रेक शू (चाकातल्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे) ड्रमपासून लांब आहेत, अ‍ॅडजस्टमेंट हवी. वर येऊनही स्पंजासारखं दबलं तर लाइनमध्ये हवा. आणि पाय तसाच दाबून ठेवल्यावर मिनिटभरात हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडरचं (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देतो तो) आतलं रबर गेलंय, नाहीतर कुठेतरी गळती आहे. इंजिन बंद ठेवून तिन्ही तपासा, पाच मिनिटांचं काम आहे.

निकाल काहीही येवो, चारही ड्रम उतरवा. व्हील सिलिंडरच्या (चाकातला, शू ढकलणारा) टोकांवर रबरी टोपी असते, ती स्क्रूड्रायव्हरने किंचित उलटून पाहा. आत ओल दिसली की सिलिंडर बाद. मेकॅनिक म्हणेल, "नुसतं रबर किट टाकू." ऐकू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि गाडी उभी असताना ते पाणी सिलिंडरच्या तळाला बसून तिथे बारीक खड्डे पाडतं. नवं रबर त्या खड्ड्यांवर घासून थोड्याच दिवसांत कापलं जातं. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) नखाला गुळगुळीत लागला तरच किट, नाहीतर अख्खा सिलिंडर नवा. लायनरवर (शूच्या घासणाऱ्या थरावर) ऑइल सांडलं असेल तर ते धुऊन निघत नाही. त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे लायनर बदला, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला खेचेल.

ब्रेकचे रबरी होज (ऑइलच्या नळ्या) सगळे नवे टाका. बाहेरून चांगले दिसतात, आतून फुगलेले असतात. नंतर जुनं ऑइल पूर्ण काढून डॉट ३ किंवा डॉट ४ भरा, एक लिटर पुरतं. सिलिकॉनचं डॉट ५ यात चालत नाही. हवा काढताना लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मास्टर सिलिंडरला एकच सर्किट असेल तर एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, म्हणून एवढा पाल्हाळ.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका. बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कोड सापडला नाही किंवा टायर आठ-दहा वर्षांचा निघाला तर बदला, ट्यूबसकट. स्टेपनी धरून पाच.

कार्ब्युरेटर
पेट्रोलचं सांगतो. टाकीत तीन वर्षांचं पेट्रोल असेल तर ते सगळं काढा. त्याला वार्निशसारखा वास येतो आणि सोलेक्स कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) तेच बुजवतं. टाकीच्या तळाचं शेवटचं अर्धा लिटर काचेच्या बाटलीत धरा. तळाशी पाण्याचा थर किंवा लाल गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवा. इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाच्या आधी पारदर्शक इनलाइन फिल्टर लावा, म्हणजे वाटेत बॉनेट उघडल्यावर कचरा डोळ्यांना दिसतो.

ई-२० जुन्या रबराला मऊ करतं. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला चालणारे घ्या आणि पंपाचं डायफ्रॅमही त्याच जातीचं मागा. डायफ्रॅम फाटलं की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, आधी पंप, मग ऑइल. घरी पोचल्यावर गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. समुद्राकाठच्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते पाणी खाली बसतं आणि टाकी आतून गंजते.

मेच्या उन्हात दुपारी चढावर गाडी गचके देऊन बंद पडली तर सगळे एका सुरात "व्हेपर लॉक" (उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ अडकणं) म्हणतील. आधी तपासा. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून त्याचं टोक बाटलीत धरा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात आलं तर पंप ठीक आहे. बाटली झाकून लांब ठेवा, वायर परत लावा आणि मग ठिणगी पाहा. गरम झाल्यावर ठिणगी पिवळट आणि बारीक पडत असेल तर दोष कंडेन्सर किंवा कॉइलचा. बाटलीत नुसते बुडबुडे आले तरच व्हेपर लॉक: पंपावर ओलं फडकं, पंधरा-वीस मिनिटं थांबा. माझ्या मते दहातले सहा-सात "व्हेपर लॉक" कंडेन्सरचे असतात. नवा पॉइंट सेट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर बसवा आणि जुना चालता जोड डिकीत ठेवा. आजकाल नवे कंडेन्सर डब्यातूनच मेलेले निघतात. पॉइंटची गॅप ०.४५ मिमीच्या आसपास फिलर गेजने घ्या, पत्त्याच्या पानाने नव्हे.

घाटरस्ता
सागरी मार्ग सुंदर आहे, पण पहिल्या प्रवासाला नको. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेरी घ्याव्या लागतात. जेट्टीच्या उतारावर सायलेन्सर टेकतो, ओहोटीला खारं पाणी थेट खालच्या पत्र्यावर उडतं, आणि मधल्या खाड्यांच्या घाट्या महामार्गापेक्षा उभ्या आहेत. तिथे रस्त्यात फॅन बेल्ट तुटला तर गॅरेज कुठल्या गावी ते आधी शोधा.

महामार्ग ६६ने जा, दोन दिवसांत. पहाटे पाचला पनवेल सोडा, उन्हं तापायच्या आत महाड मागे पडायला हवं. कशेडीला आता बोगदा आहे, त्यामुळे जुना चढ वाचतो. बोगद्यात हेडलाइट लागतात. डायनॅमो आयडलला (इंजिन मंद चालताना) चार्ज करत नाही, दिव्यांनी बॅटरीच उतरते, हे लक्षात ठेवा. पुढे खेडजवळ भोस्त्याचं अवघड वळण आणि चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाटाचा उतार. तिथे ब्रेकवर उतरू नका. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा, बहुधा दुसऱ्या. मुक्काम चिपळूणला. दुसऱ्या दिवशी संगमेश्वर, हातखंबा, राजापूर, कणकवली करत कसालला उजवीकडे वळा.

पाण्याचं: रेडिएटर उलटा धुवा, खालून पाणी सोडून वरून काढा. मग इंजिन गरम करून बंद करा आणि जाळीवर हात फिरवा. मधेच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत, रेडिएटरवाल्याकडे टाकी उघडून रॉड मारून घ्यावा लागेल. खालच्या होजच्या आत स्प्रिंग असते. ती गंजून मोडली की वेगात वॉटर पंप होज चपटा ओढून घेतो: उभी असताना गाडी थंड, साठच्या वेगात गरम. कारण सापडता सापडत नाही. दोन्ही होज, क्लिप आणि फॅन बेल्ट नवे टाका. बेल्ट अंगठ्याने सेंटिमीटरभर दबला पाहिजे. आणि तापमानाची सुई वर जाऊन अचानक खाली पडली तर हायसं वाटून घेऊ नका. सेन्सरपाशी पाणीच उरलेलं नाही असा त्याचा अर्थ.

आरटीओची खिडकी
फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनिशी भरून घ्या. विमा तुमच्या नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांत द्या. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा आपोआप तुमच्याकडे येतो, ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) नाही. आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) मुदत पाहा. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं आणि गाळ्यात उभ्या गाडीचं ते बहुतेक राहून गेलेलं असतं. तसं असेल तर चालवत नेणं विसरा, ट्रेलरवर न्या. पीयूसीही हवी. व्हिंटेज नोंदणीच्या भानगडीत पडू नका, ती पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना आहे आणि तिच्यावर रोजचा वापर चालत नाही.

रापण
सगळ्यांचे आभार. आरसी २०२७पर्यंत आहे. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर ओला निघाला, बोअरला खड्डे होते, नवा टाकला. मागचे लायनर नवे. टायरचा कोड ०९१४, पाचही बदलले. होज मात्र फक्त मागचा मिळाला, पुढचे जुनेच आहेत. पेडल आता पहिल्या दाबाला घट्ट आहे. वीस किलोमीटर फिरवून आणल्यावर पुढच्या उजव्या चाकाचा ड्रम हात लावता येणार नाही इतका गरम, बाकी तीन कोमट. बेअरिंग की ब्रेक?

किंगपिन
जॅक लावून ते चाक हाताने फिरवा. गार असताना मोकळं फिरत असेल तर पेडल दोनदा दाबून सोडा आणि लगेच पुन्हा फिरवा. आता जड झालं असेल तर त्या चाकाचा ब्लीडिंग निपल (हवा काढायचा स्क्रू) पाव आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकतोय. एकाच चाकाला होतंय म्हणजे मास्टर सिलिंडर नाही, तो जुना होज. आतून फुगल्यामुळे पायाच्या जोराने ऑइल जातं, शूच्या स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर शू जास्त वर घेतले आहेत किंवा सिलिंडरचा पिस्टन अडकलाय. पेडल न दाबताच जड आणि खरखर असेल तर बेअरिंग, ग्रीस धुऊन पाहा.

पुढचे दोन्ही होज बदलल्याशिवाय निघू नका. बदलल्यावर पनवेल–वडखळ–पनवेल एक फेरी मारा, मधे कर्नाळ्याचा चढ-उतार आहेच. परत आल्यावर चारही ड्रम सारखेच कोमट लागले आणि रेडिएटरचं पाणी बोटभरही उतरलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पहाटे निघा.

कार्ब्युरेटर
आणि डिकीत १०, १३, १४, १७, १९चे पाने, प्लग पाना, टेस्ट लॅम्प, पाच लिटर पाणी. आग विझवायचा सिलिंडर मात्र डिकीत नाही, डाव्या सीटखाली.