सव्वादोन वर्षांची लेक बेदाण्यांशिवाय काही खात नाही, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, थोडं मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा.

लेक सव्वादोन वर्षांची आहे आणि तिला सध्या फक्त बेदाणे हवेत. उठल्या उठल्या 'दाना दे', जेवायला बसवलं की दाना, झोपताना पण दाना. वरणभात समोर आला की तोंड घट्ट मिटून घेते, दुधात चपाती कुस्करून दिली तर दोन घास कसेबसे, अंडं आवडीनं खायची ते पण आता नको म्हणते. आणि बेदाणे नाही दिले की जमिनीवर लोळण, उलटी होईपर्यंत रडणं, मग घरातलं कोणीतरी मूठभर हातात देतंच.

आम्ही सांगलीत राहतो पण सासर तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग आहे आणि माल बहुतेक बेदाण्यालाच जातो, त्यामुळे घरात बेदाणा नाही असा दिवसच नसतो. बरं, ते नुसतं खाणं पण नाही ओ. आबांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी डाऊनी रोग, अवकाळी पाऊस, पडलेला दर असं सगळं सोसून पिकवलेला माल, तो नातीनं आवडीनं खाल्ला की त्यांचा चेहरा असा खुलतो की मला 'आबा, नको' म्हणायला जीभच उचलत नाही. गावाकडं गेलो की तिच्यासाठी निवडून ठेवलेले मोठे दाणे त्यांच्या खिशात तयार असतात. सासूबाई म्हणतात बेदाण्यानं रक्त वाढतं, खाऊ दे की लेकराला.

डॉक्टरांना दाखवलं. वजन ११ किलो आहे, ग्राफमध्ये बसतंय, काळजी करू नका म्हणाले. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं पण नंतर वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं, म्हणून या वयात भूक कमी झाल्यासारखी वाटते, आणि नवीन चव नको म्हणणं पण याच वयात सुरू होतं म्हणे. पण दात बघितले आणि म्हणाले वरच्या पुढच्या दातांवर हिरडीजवळ पांढरे पट्टे आलेत, ही किडीची सुरुवात असते, बेदाणे कमी करा. कमी करा म्हणजे नेमकं कसं ते विचारायचं होतं पण बाहेर एवढी गर्दी होती की राहूनच गेलं.

मी पण विचार केला, साधारण ४ किलो द्राक्षं वाळली की १ किलो बेदाणा होतो, आणि त्यात निम्म्याहून जास्त साखरच. म्हणजे मूठभर दाण्यांत एका छोट्या घोसाची साखर त्या एवढ्याशा पोटात जातेय आणि वर ती भूक मारतेय, मग आमटीभात खाणार कुठून.

तर प्रश्न असा की एकदम बंद करावेत का ठरावीक वेळेलाच द्यावेत? उपाशी ठेव, भूक लागली की आपोआप खाईल असं पण एकीनं सांगितलं पण एवढ्या लहान लेकराला उपाशी ठेवायला माझा जीव होत नाही. आणि आबांचं मन न दुखवता हे कसं करायचं, हा माझ्यासाठी त्याहून मोठा प्रश्न आहे.

प्रतिसाद (सातारा)

ताई, आमच्याकडे बेदाण्याच्या जागी दूध होतं. पोरगा दिवसभर दूधच प्यायचा, जेवण शून्य, हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध नको, दुधात लोह फारसं नसतं आणि पोट मात्र भरून जातं. आम्ही बंद नाही केलं, वेळा ठरवल्या. दोन वेळचं जेवण, नाष्टा, संध्याकाळचं खाणं, आणि मधल्या वेळेत फक्त पाणी. पहिले काही दिवस घर डोक्यावर घेतलं त्यानं, मग हळूहळू भूक घेऊन ताटावर बसायला लागला. ही उपासमार नाही, दर तीन-चार तासांनी ताट समोर येतंच, त्यातलं किती खायचं ते त्याच्यावर सोडायचं.

एक नक्की टाळा, 'भात संपव मग दाना देते' असं म्हणू नका. त्यानं दाना अजून भारी होतो आणि भात म्हणजे शिक्षा. त्यापेक्षा चार दाणे जेवणासोबतच ताटात ठेवा, संपले की संपले. दातांना पण मधेमधे खाण्यापेक्षा जेवणासोबत खाल्लेलं बरं. बाकी भाजी वगैरे ताटात नुसती पडून राहिली तरी रोज एवढीशी वाढत राहा, आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं हात लावतात.

प्रतिसाद

ताई सुटे दाणे तिच्या हातात देऊच नका आधी, विशेषतः पळताना किंवा रडताना. घशात अडकू शकतात. भिजवून बारीक चिरून नाचणीच्या सत्वात किंवा शिऱ्यात घाला, गोडी येते आणि वरून साखर लागत नाही. द्राक्षं पण अख्खी नको, उभे चार काप करून द्या.

आणि सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल, बेदाण्यात लोह असतं पण चार दाण्यांतून जाऊन जाऊन किती जाणार. डाळ, अंडं, पालेभाजी आणि वर लिंबू पिळा, लिंबानं लोह अंगी लागतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, १ मिली आठवड्यातून दोनदा, तुमच्या अंगणवाडीत विचारा, पण सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार, आज पहिल्यांदा काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटतंय. ताटात चार दाणे हे मला पटलं, कारण त्यात आबांना नाही म्हणावं लागत नाही. यांच्याशी बोलले, रविवारी गावाकडं गेलो की तिच्या ताटातले दाणे भिजवून चिरून ठेवायचं काम आबांनाच द्यायचं ठरवलंय, म्हणजे त्यांच्याच हातून तिला मिळतील. दातांचं पण यांनी सांगायचं कबूल केलंय, मुलानं सांगितलेलं ते जास्त मनावर घेतात.

आता एकच अडलंय. डॉक्टरांनी फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन दोन्ही वेळा घासायला सांगितलंय पण ब्रश दिसला की ही तोंडच उघडत नाही, धरून घासलं तर चावते. तुमच्यापैकी कोणी या वयात कसं जमवलंय, झोपवून, आरशासमोर, अजून काही? सांगाल का प्लीज.