नाव मोठं, पण टेबल कोणतं?

'मोठ्या वित्तसंस्थेत इंटर्नशिप मिळाली तर डोळे झाकून घ्यावी' या मताशी अर्धाच सहमत. घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून.

शिकायला मिळतं हे खरंच. ताळेबंद वाचायची सवय लागते आणि एक्सेलमध्ये एक शून्य चुकलं की काय होतं हे कायमचं लक्षात राहतं. उन्हाळी इंटर्नशिप म्हणजे साधारण दहा आठवडे चाललेली मुलाखतच असते. काम पसंत पडलं तर कायम नोकरीचा प्रस्ताव बहुधा तिथूनच येतो.

पण कंपनीच्या नावाइतकाच विभाग महत्त्वाचा. 'आधी ऑपरेशन्समध्ये (व्यवहारांच्या नोंदी आणि पूर्तता पाहणारा विभाग) शिरू, मग डील्सकडे (कंपन्यांची खरेदी-विक्री, भांडवल उभारणी असे मोठे सौदे) सरकू' असं म्हणणारे बरेच असतात, प्रत्यक्षात सरकणारे फार थोडे. उलट रिस्क (जोखीम मोजणारा विभाग) किंवा कंप्लायन्सला (नियम पाळले जातात का हे पाहणारा विभाग) लोक उगाच नाकं मुरडतात. तिथे काम डोक्याचं असतं आणि रात्री घरी जाता येतं!

तासांबद्दल सांगायचं तर, २०२१ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेतल्या १३ नवख्या अ‍ॅनालिस्टांनी आपापसात केलेली पाहणी बाहेर आली होती. सरासरी आठवड्याला ९५ तास! त्याच बँकेने २०१५ मध्ये इंटर्न्सना मध्यरात्रीपूर्वी ऑफिस सोडायला आणि सकाळी सातच्या आत न यायला सांगितलं होतं. असा नियम करावा लागतो, यावरून काय ते समजा.

मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: याच टीममधल्या गेल्या वर्षीच्या इंटर्न्सपैकी किती जणांना कायम केलं? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा पर्याय हातचा सोडू नका.