जाहिरात न करता ब्रँड चालतो का? रविवारच्या आत मदत हवी आहे

चोपडेकर: राम राम मंडळी. घरचा माल आहे, खाल्लेला माणूस परत मागतो, तरी आमचं नाव कुठेच होत नाही. एक जाहिरातवाला मागे लागलाय. चौकात होर्डिंग, पेपरात पाव पान, केबलवर पट्टी, सगळं मिळून ६०,०००. मोठमोठे ब्रँड जाहिरात न करता उभे राहिले म्हणतात, ते नेमकं काय करतात? त्याला रविवारी हो-नाही कळवायचंय. करता येईल असंच सांगा, भाषण नको.

तापीकाठ: माल कोणता? विकता कुठे?

रावेरवाला: भाऊ, तुमना माल काय शे ते सांगा ना पहिले. केळीचे वेफर्स असतील तर तळणीच्या तेलाबद्दल मला विचारा. तेल शिळं वापरलं की होर्डिंग लावूनही गिऱ्हाईक परत येत नाही.

उधना_सुरत: मी कापडाच्या धंद्यात आहे, म्हणून झारा या कपड्यांच्या ब्रँडचं सांगतो. १९७५ मध्ये स्पेनच्या आ कोरुन्या शहरात पहिलं दुकान निघालं. जाहिरातीवर खर्च अगदी कमी, पण दुकान मोक्याच्या रस्त्यावर, काचेतली मांडणी देखणी, आणि माल इतक्या लवकर बदलतो की आज नाही घेतला तर उद्या मिळेल याची खात्री नाही. म्हणजे पैसा जातोच, फक्त जागेवर आणि मालावर जातो. टेस्लानेही कितीतरी वर्षं पैसे देऊन जाहिरात केली नाही.

तापीकाठ: टेस्लाचं इथे लागू नाही. तिचा मालक बोलला की बातमी होते. चोपडेकरांची कोण छापणार?

चोपडेकर: बिबडे. घरचा माल म्हटलं होतं वर.

पुणेकर_३०: बिबडे म्हणजे सांडगे का?

यावलची_लेक: नाही हो. ज्वारी भिजत घालायची, भरडून तिचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ. गरम असतानाच ओल्या धोतरावर हाताने पातळ थापायचा. वाळला की कापड उलटं करून पाठीमागून पाणी लावायचं, तेव्हा अख्खा सुटतो. विस्तवावर भाजून तेल-शेंगदाण्याबरोबर खायचा. घाटा तर आम्ही वाटीत घेऊन तसाच खातो.

अमळनेर_नाना: पापडाचंच उदाहरण घ्या की. लिज्जत. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. कसली जाहिरात नि काय!

उधना_सुरत: नाना, लिज्जतचा टीव्हीवरचा ससा विसरलात? जाहिरात केली त्यांनी, आणि चांगली केली.

अमळनेर_नाना: ती नंतर. आधी पापड घराघरांत पोचला होता.

उधना_सुरत: मग नॅचरल्स सांगा. रघुनंदन कामत यांनी १९८४ मध्ये जुहूला दुकान टाकलं. नुसतं आइस्क्रीम खायला कोण येणार, म्हणून जोडीला पावभाजी ठेवली. तिखट खाल्लं की लोक गार मागायचे. आइस्क्रीम चाललं तशी पावभाजी बंद केली.

वकीलसाहेब_धुळे: नाव आधी ट्रेडमार्क करून घ्या. एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये. नाव झाल्यावर दुसऱ्याने उचललं की पळापळ होते.

तापीकाठ: साहेब, नाव आहे कुठे अजून? चोपडेकर, पाकिटावर काय छापलंय?

चोपडेकर: पाकीट नसतं. जळगावचा एक दुकानदार खोक्यात भरून माल उचलतो, पाकिटं तोच करतो, स्टिकर त्याचं. पैसे रोख देतो, त्याची तक्रार नाही. मी विचारलं काय आणि हे कुठे चाललंय? होर्डिंग करू की नको?

तापीकाठ: नको. होर्डिंग वाचून माणूस दुकानात जाईल आणि त्याला पाकीट दिसेल दुकानदाराच्या नावाचं. तुमच्या ६०,००० चा फायदा त्याला. बिनजाहिरातीचा माल एका तोंडून दुसऱ्या कानी जातो, पण सांगणाऱ्याला सांगायला नाव लागतं. बिबडे आवडलेली पुण्यातली बाई आज तुम्हाला शोधणार कशी? निम्मा माल स्वतःच्या पाकिटात भरा. वर नाव, गाव, फोन, वजन, तयार केल्याची तारीख आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर. मोठ्या अक्षरात फोन.

यावलची_लेक: आणि भाऊ, आखाजी धरा, म्हणजे अक्षय तृतीया. माहेरवाशिणी परत निघतात तेव्हा पिशवीत बिबडे असतातच. आता कितीजणींच्या आयांकडून थापणं होत नाही, विकतचेच देतात. एक पाकीट सुरतेला गेलं की चाळीतल्या चार घरांत चव जाते. श्रावणात कानबाईच्या सणाला तीच माणसं गावी येतात, तेव्हा परत मागतील.

अमळनेर_नाना: सारंगखेड्याच्या यात्रेत दुकान लावा. दत्तजयंतीला घोडेबाजाराला कुठून कुठून लोक येतात.

यावलची_लेक: नाना, ती हिवाळ्यात. बिबडे उन्हाळ्यात होतात, तोवर चांगला माल उरतो का? आणि यात्रेत लोक खायला बघतात, भाजायला घरी कोण नेतंय?

अमळनेर_नाना: तिथेच निखाऱ्यावर भाजून द्यायचा. वास सुटला की माणूस थांबतो. मी खान्देशी माणसाला त्या वासापुढून सरळ जाताना पाहिलेलं नाही.

रावेरवाला: दुकानदार चिडला तर? रोख देणारा माणूस तोडू नका.

तापीकाठ: तोडायला कोण सांगतंय? त्याची खोकी चालू राहू द्या.

चोपडेकर: ठीक. जाहिरातवाल्याला नाही कळवतो. दुकानदाराला पूर्वीइतकाच माल देईन, जास्तीचा आमच्या नावाने. आता एवढंच सांगा, किलोच्या प्लास्टिक पिशवीत बिबडे मोडतात आणि सुरतेपर्यंत चुरा होतो. पुठ्ठ्याचा चपटा डबा जळगाव-भुसावळकडे कोण कमी नगांत करून देतं? नुसतं नाव नको, भाव पण लिहा.