काकाडूचे तीन दिवस : किती चालावे, किती थांबावे

ए-३०२ : सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. आमची मुलगी ऑस्ट्रेलियात डार्विनला असते आणि येत्या जुलैत आम्ही दोघे तिच्याकडे जात आहोत. ती आम्हांला तीन दिवस काकाडू राष्ट्रीय उद्यानात नेणार आहे. तिने पाठवलेल्या यादीत अकरा पायवाटा आहेत. माझा उजवा गुडघा गेल्या वर्षापासून कुरकुरतो आणि ह्यांना ऊन सोसत नाही. आदिवासींची खडकचित्रे मात्र मनासारखी पाहायची आहेत. सी-१०४ मधले सर गेल्या वर्षी तिकडे जाऊन आल्याचे कळले. सर, कोणत्या पायवाटा ठेवाव्यात आणि कोणत्या सोडाव्यात?

सी-१०४ : वहिनी, अकरांपैकी आठ निःसंकोच सोडा. काकाडू जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरांचे आहे, म्हणजे आपला अख्खा पुणे जिल्हा त्यात मावून वर जागा उरेल. पायवाटा एक-दोन किलोमीटरांच्याच असल्या तरी एकीपासून दुसरीपर्यंतचा वेळ गाडीत जातो. डार्विनहून जाबिरू हे मुक्कामाचे गाव सुमारे २५० किलोमीटर आहे. तिथून उबिर एका दिशेला आणि बुरुंगकुय दुसऱ्या दिशेला. खडकचित्रांच्या या दोन जागांना एकेक दिवस द्यावा. तिसरा दिवस पाण्याकाठी घालवावा.

आम्ही काय चूक केली ते आधी सांगतो. उबिरला सूर्यास्त पाहावा असे सगळे सांगतात, म्हणून आम्ही साडेचारला पोहोचलो आणि इतरांच्या मागे थेट तिथल्या नादाब नावाच्या खडकाच्या माथ्यावर चढलो. पूरमैदानावरचे ते हिरवे-सोनेरी ऊन खरोखर अपूर्व होते, पण उतरेपर्यंत अंधारले आणि ज्यांच्यासाठी गेलो ती चित्रे टॉर्चच्या उजेडात ओझरती दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच पेट्रोल जाळून गेलो, तेव्हा हिच्या चेहऱ्यावर जे लिहिले होते ते वाचायला कुणी तज्ज्ञ लागला नसता. तुम्ही दुपारी तीनलाच पोहोचा. चित्रांची फेरी एक किलोमीटरची असून बहुतेक सपाट आहे. माथ्यावरची चढण अडीचशे मीटरचीच, पण उभ्या खडकांवरून आहे. गुडघा तयार नसेल तर ह्यांना एकट्यांना पाठवा आणि तुम्ही मुख्य चित्रभिंतीसमोर बसा. तिथे काही गमावल्यासारखे वाटणार नाही.

बी-५०२ : सर, त्या भिंतीवर नेमके काय आहे?

सी-१०४ : मुख्यतः खाणे आहे, आणि हे वाचून तुम्हां राजापूरकरांना बरे वाटेल. बरामुंडी नावाचा मोठा मासा, कासव, घोरपडीच्या जातीचा सरडा, वॉलबी म्हणजे छोटा कांगारू. मासा बाहेरून काढलेला नाही. आतला पाठीचा काटा, हवेची पिशवी, पोटातले अवयव असे सगळे बारीक पांढऱ्या-तांबड्या रेघांनी दाखवले आहे. याला क्ष-किरण शैली म्हणतात. मासा कापणाऱ्या हातानेच तो काढला आहे, हे बघताक्षणी कळते. त्याच भिंतीवर खिशात हात घालून उभा असलेला एक गोरा माणूसही आहे. समोरच्या खडकावर, मान मोडेल इतक्या उंचीवर थायलसिन हा लांडग्यासारखा प्राणी आहे, पट्टेरी पाठीचा. तो प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झाला, तेव्हा चित्र त्याआधीचे असणार. इतक्या उंचावर हात कसा पोहोचला, असे विचाराल तर तिथले आदिवासी, म्हणजे बिनिंज लोक, सांगतात की ही मिमी या सडपातळ आत्म्यांची कामे आहेत. ते खडक खाली ओढून घेत, चित्र काढत आणि पुन्हा वर ढकलून देत.

डी-४०१ : मी ६५,००० वर्षे असा आकडा वाचला होता. म्हणजे ही चित्रे तेवढी जुनी आहेत का?

सी-१०४ : नाही, तो आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे. तिथल्याच मिरार या आदिवासी लोकांच्या भूमीत माजेदबेबे नावाची कपार आहे. तिथल्या उत्खननात मानवी वस्तीचा तो काळ निघाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ती जागा पर्यटकांसाठी नाही. क्ष-किरण शैलीतील बरीचशी चित्रे गेल्या दोन-एक हजार वर्षांतली मानली जातात. बुरुंगकुयला, ज्याला नकाशावर नूरलांजी असेही नाव आढळते, अन्बंगबंगची जी प्रसिद्ध भिंत आहे तिच्यावरची ठळक चित्रे तर नायोम्बोल्मी या चित्रकाराने १९६३-६४ मध्ये रंगवली.

डी-४०१ : मग त्यांना प्राचीन कसे म्हणायचे? तुमचे-आमचे जन्म त्या सुमाराचे आहेत.

सी-१०४ : आपण मारुतीला शेंदूर लावतो म्हणून मारुती नवा होतो का? तिथे जुन्या चित्रावर पुन्हा रंगवणे ही मोडतोड नसून रीत आहे. चित्र काढण्याचा अधिकार कोणाला, कोणती कथा कोणाची, हे ठरलेले असते. नामारगोन हा विजेचा पुरुष त्या भिंतीवर आहे. त्याच्या कोपरांना आणि गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी आहेत, त्या आपटून तो ढग फोडतो, आणि अंगाभोवती फिरलेला पट्टा म्हणजे वीज. पावसाळ्याच्या तोंडावर दिसणारा नारिंगी-निळा टोळ हे त्याचे मूल, असे मानतात. जुलैत तो टोळ तुम्हांला भेटणार नाही.

डी-४०१ : शेंदराचा दाखला पटला, पण अर्धाच. शेंदराच्या पुटांखाली मूळ मूर्ती कशी होती हे आपल्यालाही कळत नाही, आणि तो तोटाच आहे.

सी-१०४ : मान्य. अन्बंगबंगला खालची काही जुनी चित्रे झाकली गेलीच आहेत.

बी-५०२ : आमच्याकडे बारसूच्या सड्यावर मी लहानपणी गुरांमागे फिरलो आहे. कातळशिल्पे पायाखाली होती, पण ती कोणी कोरली आणि का, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. तिकडे सांगणारे आहेत, याचा मला हेवा वाटतो.

सी-१०४ : म्हणूनच वहिनी, कोरड्या मोसमात उबिर आणि बुरुंगकुयला रेंजर जी माहिती देतात ती चुकवू नका, वेळा उद्यानाच्या बोवाली माहिती केंद्रात कळतात. बुरुंगकुयची फेरी दीड किलोमीटरची आहे. तिथे चित्रांच्या वर खडकावर सिलिकॉनची बारीक वळी ओढलेली दिसेल, पावसाचे ओघळ चित्राला चुकवून जावेत म्हणून. आपल्या छज्ज्याच्या पागोळीसारखीच युक्ती. गेरू खडकात मुरतो म्हणून टिकतो, पांढरी माती मात्र लवकर झडते. तेव्हा कठड्याबाहेर हात नको.

आणि हा खडक आपल्या सह्याद्रीसारखा काळा बेसाल्ट नव्हे. हा वालुकाश्म आहे. तो मोठमोठ्या ठोकळ्यांत तुटतो आणि वर छप्पर राहते. आपल्याकडे लेणी खोदावी लागली, त्यांना कपारी आयत्या मिळाल्या. भूशास्त्र शिकवण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे एवढे लिहिल्यावाचून राहवले नाही.

ए-३०२ : सर, तिसऱ्या दिवसाचे काय? यादीत नदीही आहे.

सी-१०४ : सकाळी मामुकालाच्या पाणथळीतील पक्षीनिरीक्षणाच्या मचाणापर्यंत जा, जाऊन-येऊन एक किलोमीटर, तेही सपाट. नदी म्हणजे ईस्ट ॲलिगेटर. तिथे ॲलिगेटर नाहीत. मगरींना पाहून इंग्रज दर्यावर्दी फसला आणि नाव तेच राहिले. खाऱ्या पाण्यातल्या मगरी भरपूर आहेत, म्हणून त्या नदीकाठच्या सज्ज्यावरूनच पाहाव्यात आणि काठावर पाय धुवायलाही उतरू नये.

ए-३०२ : मुलीला कळवले. उबिर, बुरुंगकुय आणि मामुकाला, एवढेच. ती विचारते आहे की थायलसिन साध्या डोळ्यांनी दिसेल का.

सी-१०४ : दिसेल, पण पट्टे मोजायचे असतील तर दुर्बीण हवी. माझी घेऊन जा. आज संध्याकाळी सातनंतर मी घरीच आहे.